तीन पत्ते

तिला 'पोस्टमास्तरीण' हे नाव पडलं ते पुलाच्या नाक्यावर. त्याआधी ती नुसती सून होती, खाणीवर कचरा वेचणाऱ्या म्हातारीची सून. नाव पहिल्यांदा कुणी ठेवलं ते कुणालाच सांगता येत नाही, पण एकदा पडलं ते चिकटलं. ट्रकवाले लांबूनच विचारायचे, "पोस्टमास्तरीण आली का कामावर?" शिपाई म्हणायचा, "बाई, तुमची डाक आली, उतरवून घ्या." आणि समोर ताडपत्रीखाली दहा टन घाण उभी असायची.

खाण मुळात दगडाची. चांगला दगड निघत होता तोवर निम्म्या गावाचं पोट तिच्यावर होतं. सुनेच्या नवऱ्याची कंबर तिथेच गेली. वरून सुटलेली शिळा त्याने चुकवली खरी, पण चुकवताना असा पडला की पुन्हा सरळ उभा राहिलाच नाही. आता तो ओट्यावर बसून जुन्या वायरी सोलायचा, तांबं एकीकडे, साल एकीकडे. पुढे दगड संपला आणि नुसता खड्डा उरला, गावाहून मोठा. तो एका ठेकेदाराने घेतला. नदीपलीकडे दुसरं राज्य. तिकडे शहरं मोठी आणि कचऱ्याचे कायदे कडक. पूल ओलांडून इकडे आलं की कुणी हूं की चूं करत नव्हतं. तेव्हा तिकडचा कचरा ट्रकांनी इकडे यायला लागला. आठ वर्षं येत होता. दगड फोडणाऱ्यांच्या बायका कचरा वेचायला लागल्या. सासू त्यांतली पहिली, आणि सून तिच्या मागोमाग.

त्या उन्हाळ्यात विहिरींचं पाणी पिवळं झालं. आधी खाणीच्या उतारावरच्या दोन, मग त्यांच्या घरामागची. वर तेलासारखा तवंग, आणि ओंजळ तोंडाशी नेली की गंजक्या खिळ्याचा वास. जनावरं तोंड लावीनात. सुनेच्या आठ वर्षांच्या मुलीच्या पोटऱ्यांवर फोड उठले. ती झोपेतसुद्धा खाजवायची, सकाळी नखांत रक्त असायचं. गावाने अर्ज केले, रस्ता अडवला. शेवटी सरकारला जाग आली आणि हुकूम निघाला की बाहेरच्या राज्यातला कचरा या राज्यात उतरवायचा नाही. पुलाच्या अलीकडच्या टोकाला नाका बसला. पत्र्याची खोली, रस्त्यावर आडवा बांबू, एक साहेब, एक शिपाई.

ट्रकवालेही काही दूधखुळे नव्हते. तिसऱ्याच दिवशी त्यांच्याकडे कागद आले. कचरा याच राज्यातला आहे, इकडचा रस्ता खराब म्हणून पलीकडून वळसा घालून आणला. सही, शिक्का, सगळं जागच्या जागी. साहेबाला वरून ताकीद होती, नुसता संशय चालणार नाही. गाडी उघडा, आत बघा. बाहेरच्या राज्याचे तीन वेगवेगळे पत्ते सापडले तर गाडी परत. दोन सापडले तर सोडून द्या.

गावात वाचता येणारे होते, ते कचऱ्यात हात घालीनात. कचऱ्यात हात घालणाऱ्या होत्या, त्यांना अक्षर येत नव्हतं. दोन्ही जमणारी एकटी सूनच निघाली. माहेरी ती सातवीपर्यंत शिकली होती.

पहिल्या दिवशी ऊन असं होतं की बांबूला हात लावला तर चटका बसावा. चार मजुरांनी ताडपत्री ओढली तशी माशांचा एक ढगच उठला. मागची फळी पाडून त्यांनी लांब दांड्याच्या दाताळ्यांनी तीन ठिकाणचा कचरा खाली ओढला. साहेबाने खुर्ची वाऱ्याच्या वरच्या अंगाला नेली आणि रुमाल नाकावर बांधला. सून डोक्याचं फडकं आवळून उकिडवी बसली. हातात वेचायचा आकडा होताच, घरचाच. ढिगाचं पोट कुठे आणि कोरडं कुठे, हे तिच्या हातांना आठ वर्षांत कळलं होतं. ओल्याला ती शिवलीच नाही. एक काळी पिशवी फाडली, दुसरी फाडली.

"सापडलं?"

"विजेचं बिल आहे, साहेब."

"वाच. मोठ्याने."

तिने वाचलं. नाव, घर नंबर, गल्ली, शहर. मग दवाखान्याची चिठ्ठी निघाली. कुणा बाईचं चौदा महिन्यांचं मूल, वजन कमी, ताप तीन दिवस. मग शाळेचं प्रगतिपुस्तक, चहात भिजलेलं. ते तिने तळहातावर सरळ केलं आणि पत्त्याबरोबर खालचंही वाचून टाकलं, "गणितात नापास. वर्तन समाधानकारक."

मजूर हसले. साहेबही रुमालाआड हसला असावा. "तेवढं नको. पत्ता झाला की बस."

तीन पत्ते झाले. साहेबाने पंचनामा लिहिला आणि सहीसाठी कागद तिच्याकडे फिरवला. पेन मात्र त्याने हातात दिलं नाही, टेबलावर ठेवून पट्टीने पुढे सरकवलं. तिने सही केली आणि पेन परत ठेवायला गेली.

"असू दे तुझ्याकडेच," तो म्हणाला.

दुपारी चहा आला. शिपायाने तिचा पेला बाहेरच्या मैलाच्या दगडावर ठेवला. रागाने वगैरे नाही, वास येतो म्हणून. तिच्या अंगाला तो येत असेलच, पण तिला आता कळत नव्हता. चहा गोड होता. तिने तो दोन घोटांत संपवला आणि पेला स्वतः विसळून वेगळा उपडा ठेवला.

महिना झाला तसा नाका रुळला. दिवसाला चाळीस गाड्या यायच्या त्या वीसवर आल्या, मग बारावर. गावातली टवाळ पोरं म्हणायची, साहेब दिवसभर बसून तीन पत्ती खेळतो आणि पानं वाटते पोस्टमास्तरीण. घरी मात्र कुणी विनोद करत नव्हतं. सासू खाणीवरून परतायची ती अर्धी गोणी घेऊन.

"आज नऊच आल्या," सासू एका संध्याकाळी म्हणाली. ओट्यावर गोणी ओतून ती डबे वेगळे, बाटल्या वेगळ्या करत होती. "त्यातल्या चार आपल्या तालुक्याच्या. आपल्या लोकांच्या कचऱ्यात असतं काय? राख, सालं आणि चिंध्या. चाटूनपुसून टाकलेला कचरा."

नवरा हसला. वायर सोलायची थांबवून म्हणाला, "पलीकडची माणसं दिलदार. निम्मी बाटली पिऊन टाकतात."

"पाणी तरी निवळेल, आत्या," सून म्हणाली.

सासू उठली. घागर उचलून ती बाहेर पडली. हातपंप अर्ध्या तासावर होता, आणि दिवसाची तिसरी खेप अजून राहिली होती. सुनेने मुलीच्या पायांना औषध लावलं. फोड सुकत नव्हते, पण नवीनही उठत नव्हते. ते बोटांनी मोजायची तिला सवय लागली होती. उजव्या पायावर सात. काल सातच होते.

पुढच्या आठवड्यात एक गाडी तीन दिवस पुलावर अडकली. तीन पत्ते सापडले, गाडी परत पाठवली, पण पुलाच्या त्या टोकाचे शिपाईही ती आत घेईनात. त्यांच्या मते, एकदा राज्याबाहेर गेलेला कचरा पुन्हा आणायला वेगळा परवाना लागतो. म्हातारा ड्रायव्हर गाडी घेऊन पुलाच्या मधोमध उभा. खालून काळं पाणी ठिबकत होतं, एकसारखं, आणि उतारावरून नदीकडे चाललं होतं. ड्रायव्हर गाडीच्या सावलीत बसायचा, सावली फिरली की तोही सरकायचा. दुसऱ्या दिवशी सुनेने त्याला आपल्या बाटलीतलं पाणी दिलं.

"कुठलं पाणी आहे?" त्याने आधी विचारलं.

"पंपाचं."

मग तो प्यायला. "ताई, तू वाचलंस ते बरोबर वाचलंस. माझी तक्रार नाही," तो म्हणाला. "मी नुसतं चाक फिरवतो. पण मला एक सांग, तिकडचे घेत नाहीत, इकडचे घेत नाहीत. मग हे मी नेऊ कुठे? घरी नेऊन बायकोला देऊ?"

"काय सांगू, काका."

"सांगू नकोस. बाटलीत अजून थोडं असेल तर दे."

तिसऱ्या दिवशी दुपारी कुणाचा तरी फोन आला आणि गाडी पलीकडे गेली. त्यानंतर कचऱ्यात कागद येईनासा झाला. पलीकडे त्यांनी माणसं लावून कागद आधीच काढून घ्यायला सुरुवात केली होती. सून पिशव्यामागून पिशव्या फाडायची. दुधाच्या पिशव्या, औषधांची पाकिटं, सगळं पलीकडचंच, पण त्यावर घराचा पत्ता नसायचा आणि साहेब ते धरायचा नाही. तरी नजरेतून सुटलेले तीन पत्ते ती शेवटी शोधून काढायचीच, पण दिवसभर वाकून वाकून तिची कंबर अशी धरायची की घरी आल्यावर नवराबायको दोघंही भिंतीला हात लावून उठायची. "आता आपण जोडीने शोभतो," नवरा म्हणायचा.

पावसाळा उलटत आला असताना ती गाडी आली. खाणीत बारा दिवस बाहेरचा एकही ट्रक गेला नव्हता. सकाळपासून भुरभुर चालली होती, रस्त्यावर चिखल झाला होता. वेचणाऱ्या बायका, पंधरा-वीस जणी, नाक्यापाशी येऊन पुलाच्या कठड्याला टेकून बसल्या. भांडायला आल्या नव्हत्या. नुसत्या बघत होत्या. सासू त्यांत टोकाला, गुडघ्यांवर रिकामी गोणी.

सकाळीच एक पत्ता मिळाला, पार्सलच्या खोक्याला चिकटलेला. तासाभराने दुसरा, औषधाच्या डबीवर हाताने लिहिलेला. तिसरा दुपारपर्यंत सापडेना. चार मजुरांपैकी दोघे तापाने आले नव्हते, उरलेले दोघे दाताळ्यांवर टेकून उभे होते.

"बाई, नसेल तर सोडतो," साहेब खोलीच्या दारातून म्हणाला. "दोनच आहेत. नियम म्हणजे नियम."

कठड्यापाशी बसलेल्या बायकांनी ते ऐकलं. एक-दोघी उभ्याही राहिल्या.

सुनेच्या आकड्याला एक बूट लागला. लहान मुलाचा, जवळजवळ नवा. असा बूट विकला जातो म्हणून तिने सवयीनेच आत हात घातला. बुटाचा आकार मोडू नये म्हणून कुणीतरी आत कागद कोंबला होता. ते वहीचं फाटकं पहिलं पान निघालं. मुलाचं नाव, इयत्ता, शाळा, घराचा पत्ता, शहर. अक्षर सुरेख होतं, शाई थोडीच फुटली होती.

कुणाला दिसलं नव्हतं. तिने मूठ मिटली. बोटांतून पावसाचं पाणी गळत होतं, आणि क्षणभर तिला वाटलं, अजून थोडा वेळ अशीच बसले तर कागदाचा आपोआप लगदा होईल आणि मग कुणाचाच दोष राहणार नाही. तिने मान वर केली. सासू तिच्याकडेच बघत होती. ना हो ना नाही, खाणीवर ती एखादा डबा पारखायची तशी, डोळे बारीक करून. सुनेला आदल्या रात्रीचा फोडांचा हिशेब आठवला, मुलीच्या उजव्या पायावर चार, डाव्यावर दोन.

"तिसरा आहे, साहेब," ती म्हणाली. आणि वाचलं. आवाज तिला स्वतःलाच परका वाटला.

बायकांत हालचाल झाली. त्यांतली एक, शेजारचीच, उभी राहून म्हणाली, "सासूच्या ताटात माती कालवलीस गं. तीही हसत हसत."

"ती हसत नाहीये," सासू म्हणाली. "डोळे फुटलेत का तुझे?"

बायका चिखल तुडवत निघून गेल्या. साहेबाने पंचनामा लिहिला, पण खाली पसरलेला कचरा पुन्हा गाडीत भरायला माणसं पुरेनात. दोघा मजुरांनी कुरकुर सुरू केली. तेव्हा सासू कठड्यापासून उठली, गोणी कमरेला खोचली आणि पडलेली पाटी उचलली.

"आत्या, तुम्ही कशाला?"

"रस्त्यात पसरलंय ना? भरायला नको?"

दोघींनी मिळून भरलं. सून पाटी भरायची, सासू डोक्यावर घेऊन फळीपर्यंत न्यायची. एकदा सासूच्या हाताला जाड पत्र्याचा डबा लागला, चांगला वजनदार. ती थांबली. डबा हातात तोलून पाहिला. मग तोही पाटीत टाकला आणि पाटी गाडीत रिकामी केली. भरून झालं तेव्हा दोघींच्या अंगावर कोरडा धागा नव्हता.

दोघी घराकडे निघाल्या. वाटेत सून म्हणाली, "लपवला असता तर चाललं असतं."

"चाललं असतं. मग मी घरी आल्यावर विचारलं असतं, का लपवलास." सासू चिखलातून पाय उपटत चालत होती. "आता विचारते, उद्यापासून मी काय करू?"

सुनेने सासूच्या कमरेची ओली गोणी काढून आपल्या खांद्यावर घेतली.

त्यानंतर महिन्याभरात बाहेरच्या गाड्या थांबल्या. अगदी थांबल्या. खाणीवरची पाखरं उडून गेली, वास उतरला. गावात पेढे वाटावेत तशी बातमी वाटली गेली. विहिरीचं पाणी पिवळंच होतं, पण तवंग पातळ झाल्यासारखा वाटायचा, निदान नवरा तसं म्हणायचा. सासू दहा दिवस घरी बसली. तिला बसता येत नव्हतं. झाडलेलं अंगण पुन्हा झाडायची.

अकराव्या दिवशी खाणीभोवती तारेचं कुंपण पडायला लागलं. पंधराव्या दिवशी दारावर पहारेकरी आले. आणि मग गाड्या आल्या, नव्या कोऱ्या, हिरव्या, बंद टपाच्या. नदीकडून नव्हे, उलट बाजूने, राज्याच्या मोठ्या शहराकडून, दीडशे कोसांवरून. शहराचा स्वतःचा खड्डा भरला होता आणि ही खाण आता सरकारदरबारी रिकामी म्हणून नोंदली गेली होती. गाडी आत जायची, टप उलटायचा, बुलडोझर लगेच वरून माती ढकलायचा. बायकांना आत सोडत नव्हते. अपघात झाला तर जबाबदारी कुणाची, असं पहारेकरी म्हणायचा. सासू चार दिवस कुंपणाशी उभी राहून आली. पाचव्या दिवशी ती वीटभट्टीवर गेली. साठी उलटलेल्या बाईला विटा वाहायला कोण ठेवतो? पण तिने वय पन्नास सांगितलं आणि एका दमात आठ विटा उचलून दाखवल्या.

नाका अजून होता. या गाड्याही तपासायच्या, असा कागद होता. पहिली गाडी उघडली तेव्हा सून नेहमीसारखी बसली आणि तिला कागदच कागद सापडले. इथे कुणी काही लपवलंच नव्हतं. बिलं, पाकिटं, चिठ्ठ्या. ती वाचत गेली, तीन, चार, पाच.

"पुरे," साहेब म्हणाला. "हा आपला आहे. जाऊ दे."

"साहेब, खाली बघा. पाणी तसंच काळं गळतंय."

"दिसतंय मला."

"विहिरी त्याच आहेत. वासही तोच."

"वासाचं कलम नाही, बाई." त्याने रुमाल नाकावरून खाली ओढला. इतक्या महिन्यांत तिने त्याचा पुरा चेहरा पहिल्यांदाच पाहिला. दमलेला होता, दाढी वाढलेली. "बाहेरचा आणि आपला, एवढंच मला विचारलंय. मी त्याच शहरातला. माझ्या घरचं खरकटंसुद्धा यात असेल." मग जरा थांबून म्हणाला, "नाका महिनाअखेर उठतोय. तुम्हाला सांगायचं राहिलं होतं."

महिनाअखेर आठ दिवसांवर होती. शेवटच्या दिवशी नऊ गाड्या आल्या, नऊही आत गेल्या. शेवटचा पंचनामा साहेबाने लिहून तिच्याकडे सरकवला. तिने सही केली. सहीच्या खाली शेऱ्याची जागा होती, नेहमी कोरी राहणारी. तिने कागदावरून पेन उचललं नाही. तसंच खाली नेऊन लिहिलं, सावकाश, शाळेत लिहायची तसं प्रत्येक अक्षर सुटं:

गाडीतून काळे पाणी गळत होते. खाणीखालच्या तीन विहिरी पिवळ्या आहेत. पाणी पिण्यालायक नाही.

साहेबाने ते वाचलं. दोनदा वाचलं असावं, कारण वेळ लागला. शिपायाने खोलीतून टेबल बाहेर काढायला सुरुवात केली होती.

"हे वर कुणी वाचत नाही," साहेब म्हणाला.

"नसू दे."

त्याने खोडलं नाही. शिक्का उघडला, शाईच्या गादीवर दाबला आणि कागदावर उमटवला, शेऱ्यापासून जरा लांब, अक्षर झाकणार नाही असा. मग कागद बाकीच्या गठ्ठ्यात घातला आणि सुतळीने गठ्ठा बांधला.

ती घरी पोचली तेव्हा सासू ओट्यावर बसली होती, पाय कोमट पाण्याच्या घमेल्यात. पाणी विटकरी झालं होतं. तळव्यांना भेगा पडल्या होत्या आणि भेगांत लाल धूळ बसली होती. नवरा शेजारी बसून मुलीला पाढे विचारत होता. मुलगी उत्तर देता देता पोटरी खाजवत होती.

"संपलं?" सासूने विचारलं.

"संपलं."

"बरं झालं, अंधार पडायच्या आत आलीस. मुकादमाशी बोलले मी. वरच्या थरावर विटा चढवायला माणूस कमी आहे त्याला. पहाटे पाचला निघायचं, उशीर झाला की तो दुसरीला घेतो."

"चालेल."

"डोक्याला जाड काहीतरी घे. पहिले चार दिवस टाळू अशी दुखते की केस विंचरता येत नाहीत."

सुनेने खुंटीवरचा जुना टॉवेल काढला, दुमडला आणि डोक्यावर ठेवून पाहिला. सासूने मान तिरकी करून बघितलं.

"अजून एक घडी घाल," ती म्हणाली.

सुनेने टॉवेल उलगडला आणि पुन्हा, जरा जाड, दुमडायला घेतला.